महाराजांच्या शेल्याखाली

"मतदान होईल!" रणधवल महाराजांनी सिंहासनावर मूठ आपटली. "दिवाण कोण ते रयतच ठरवील. पण माझ्या अटींवर! प्रत्येकानं मडक्यात खडा टाकायचा तो भर दरबारात, माझ्या डोळ्यांदेखत. तरीही कोणाचं मत कोणाला, हे मलासुद्धा कळता कामा नये. आणि बेलभंडाऱ्याची एकही शपथ मोडता कामा नये. जमवून दाखवा, नाहीतर पुन्हा हा विषय नको!"

दरबारी डोकं खाजवू लागले. दिवाण अंताजीपंत मात्र मिशीत हसले.

हसणारच! कोठारातलं धान्य पंतांनी परस्पर विकलं म्हणून रयत खवळली होती. बाजार बंद, होड्या बंद, राजवाड्याचा नगारासुद्धा बंद. मतदान टळत नाही असं दिसताच पंतांनी घरोघर लुगडी वाटली, तीही त्याच धान्याच्या पैशांतून. आणि प्रत्येकाकडून बेलभंडारा उचलवून शपथ घेतली : 'दिवाणजींच्या मडक्यात खडा टाकीन!'

"मी जमवते," मागून आवाज आला.

कडेवर तान्ही मुलगी घेतलेली भिवरा उभी होती. बोलून गेली आणि तिला वाटलं, जीभ जरा आवरली असती तर काय बिघडलं असतं? पण 'धान्य गेलं कुठं?' एवढंच विचारल्याबद्दल तिचा नवरा म्हादू तुरुंगात होता. मतदान झालं नाही, तर तो तिथंच राहणार होता.

"तू कोण गं?" महाराजांनी विचारलं.

"बैलबाजारातल्या दलालाची लेक, महाराज. तुमचा शेला मिळेल का?"

"शेला? माझा?"

"घरी धुऊन आणलेलं एक फडकं आहे, पण ते हिच्यासाठी लागतं."

महाराजांनी नाक मुरडत शेला दिला. भिवरानं दोन मडकी शेजारी मांडली, एक पंतांचं, एक नावाडी शिदोबांचं. रयतेचे उमेदवार तेच. त्यांवर तिनं तो जरीचा शेला पसरला.

"बाजारात बैलाचा भाव असाच ठरतो. हात उपरण्याखाली, बोटं बोटांशी बोलतात. शंभर माणसं बघत असतात, कळत कोणालाच नाही. इथंही तसंच! प्रत्येकाला दोन खडे : एक नदीतला गुळगुळीत, एक माळावरचा खरखरीत. हात शेल्याखाली घालायचे आणि दोन्ही मडक्यांत एकेक खडा टाकायचा. गुळगुळीत खडा म्हणजे मत. खरखरीत म्हणजे काहीच नाही."

"ही लबाडी आहे!" पंत ओरडले. "लोकांनी माझ्यापुढं शपथ घेतलीय!"

"आणि ती पाळतायत की, दिवाणजी! तुमच्या मडक्यात प्रत्येकाचा खडा पडणार. शपथेचे शब्द तुम्हीच सांगितलेत. कसला खडा ते तुम्हीच सांगायचं राहिलं."

मुलगी रडायला लागली. भिवरा तिला थोपटत पुटपुटली, "देवा, माझंच काही सांगायचं राहिलं नसेल ना!"

रांग लागली. नवी लुगडी सळसळत आली. प्रत्येकीनं पंतांना वाकून नमस्कार केला, शेल्याखाली हात घातले, आणि चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलू न देता परत गेली. पंतांनी बघून बघून डोळे लाल केले. महाराजही सिंहासनावरून पुढे वाकले, पण दिसला तो स्वतःचाच शेला.

शेवटी शिदोबांचं मडकं उलटलं. गुळगुळीत खड्यांची रास! मग पंतांचं उलटलं. सगळे खरखरीत, त्यांत एकच गुळगुळीत.

पंतांनी तो उचलून पाहिला. "हा तर माझाच!" मग हळूच बायकोकडे मान वळवली. "अहो... मग तुमचा कुठाय?"

दिवाणीणबाईंनी पदर सारखा केला. "इश्श! ते कोणाला कळता कामा नये, अशी महाराजांची अट आहे ना?"

दरबारात हशा पिकला. महाराज तर शेल्यानंच डोळे पुसू लागले.

"सोडा म्हादूला!" ते म्हणाले. "शिदोबा, कोठाराच्या किल्ल्या ताब्यात घ्या. आणि पोरी, हा शेला तुझा. पण खरं सांग, आज तिसरं मडकं माझं असतं, तर त्यात काय निघालं असतं?"

भिवरानं शेल्यात मुलीला गुंडाळलं आणि दाराकडे निघाली. उंबऱ्यावर वळून म्हणाली, "कोणास ठाऊक, महाराज! तुम्ही आधी लुगडी वाटून तर बघा!"

महाराजांनी आधी भुवया उंचावल्या. मग असे हसले, की बंद पडलेला नगारा वाजला की काय, असं बाहेरच्यांना वाटलं.