घोंगडीखालची भिंत

कागद महाग होता आणि माणसं बोलकी होती, त्या काळातली ही गोष्ट. नदीकाठच्या एका नगरात एक भिंत होती. लांबच लांब, चुन्यानं पांढरी केलेली आणि कुणाचीच नसलेली. म्हणजेच सगळ्यांची.

ज्याला जे ठाऊक असेल, ते त्यानं कोळशानं भिंतीवर लिहायचं. नाव कोणत्या घाटावरून कधी सुटते, तान्ह्या बाळाची उचकी कशी थांबवायची, अनारशाच्या पिठात गूळ किती घालायचा, नव्या नवरीला सोपे पडतील असे उखाणे कोणते. ज्याला जे हवं, ते त्यानं वाचून न्यायचं. रीत एकच होती. काही नेलं की गेरूच्या वाटीत बोट बुडवून त्या ओळीखाली एक ठिपका द्यायचा. "घेतलं बरं का," एवढं सांगायला. काही ओळींखाली इतकी बोटं उमटली होती, की भिंतीनं हात रंगवून घेतल्यासारखं वाटे.

या भिंतीची राखण एक बाई करायची. सगळे तिला भिंतमावशी म्हणत. रोज सकाळी ती भिंतीपुढचं झाडायची, चुकीचं पुसायची. कुणी शिव्या लिहिल्या असतील तर त्याही पुसायची. चांगल्या असतील तर आधी वाचून.

एकदा काय झालं, बाजारातल्या गूळवाल्यानं राजकवीची ओळ उचलली. राजाच्या पराक्रमावरची होती, "ज्याच्या तेजापुढे सूर्यही वितळे!" गूळवाल्यानं ती भिंतीवर लिहिली आणि खाली जोडलं, "असा आमचा गूळ." ना कवीचं नाव, ना गेरूचं बोट.

राजकवी संतापला. खरं सांगायचं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. मावशीनं लगेच ती ओळ पुसली आणि गूळवाल्याला म्हणाली, "मेल्या, गूळ तुझा, तर जीभही तुझीच वापर की!" गूळवाल्यानं कान धरले. प्रकरण तिथंच मिटायला हवं होतं.

पण राजकवी प्रधानाकडे गेला आणि प्रधानाला कायदे करायची भारी हौस. त्यानं एका बैठकीत मसुदा लिहिला आणि दवंडी पिटवली.

"ऐका हो ऐका! यापुढे भिंतीवर दुसऱ्याची एक जरी ओळ विनापरवाना सापडली, तर सगळी भिंत पाडली जाईल! युवराज हैबतरावांचं लग्न झालं, की सूनबाईंच्या गृहप्रवेशाच्या दिवशी महाराज या कायद्यावर शिक्का उमटवतील होऽ!"

लोक भिंतीपाशी गोळा झाले. कुणी म्हणालं अर्ज करू, कुणी म्हणालं दंगा करू. एक म्हातारी काठी आपटत म्हणाली, "डोक्यात उवा झाल्या म्हणून कुणी डोकं कापतं का गं?"

"अन् परवाना आणायचा तरी कुणाकडून?" एक बाई म्हणाली. "माझा उखाणा मला आत्यानं शिकवला. आत्याला तिच्या नणंदेनं. आता त्या नणंदेला स्वर्गात जाऊन विचारू?"

"मावशी, तू का गप्प?"

"मला भांडता येत नाही, बाबा. मला झाडता येतं," मावशी म्हणाली. "पण मला वाटतं, वाड्यातल्या लोकांना भिंत म्हणजे दगड नि चुना वाटतो. आपण एक दिवस ती झाकून ठेवू. भिंत असताना कुणी ऐकत नाही. नसेल तेव्हा ऐकतील."

धनगरांनी आपल्या काळ्या घोंगड्या आणून दिल्या. गृहप्रवेशाच्या दिवशी सूर्य उगवला तेव्हा भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी झाली होती. मधोमध खडूनं एवढंच लिहिलं होतं, "आज भिंत नाही. उद्यापासून कधीच नसेल. का, ते वाड्यावर विचारा."

मग जी धांदल उडाली! लग्नाचे पाहुणे एका घाटावर आणि नाव दुसऱ्या घाटावर. एका घरी बाळाची उचकी थांबेना आणि सात शेजारणी सात उपाय सांगू लागल्या. जो तो भिंतीपाशी यायचा, काळ्या घोंगडीकडे बघायचा, खडूची ओळ वाचायचा आणि वाड्याची वाट धरायचा. दुपारपर्यंत वाड्यापुढे पाय ठेवायला जागा उरली नाही.

"आमची भिंत कुठाय?" लोक ओरडत होते.

"अरे, मी अजून पाडलीच नाही!" प्रधान सज्ज्यातून ओरडला. ते मात्र खरंच होतं.

राजकवीची अडचण वेगळीच होती. नव्या सुनेसाठी उखाणा रचून द्यायचं काम त्याच्याकडे होतं आणि सकाळपासून त्याला एक ओळ सुचत नव्हती. शेवटी सगळे वाड्यापुढे जमलेले पाहून तो हळूच भिंतीकडे गेला आणि घोंगडीखाली शिरला. मावशी झाडू घेऊन कोपऱ्यात उभी होती. घोंगडीच्या काठाखाली तिला दोन जरीचे जोडे दिसले. जोडे थोडा वेळ इकडेतिकडे सरकले, थांबले आणि बाहेर पडून लगबगीनं निघून गेले.

वाड्याच्या उंबऱ्यावर नवी सून उभी होती. आदल्या दिवशी वरात भिंतीसमोरून गेली, तेव्हा तिनं पालखीचा पडदा बोटभर सरकवून जमेल तेवढं वाचून घेतलं होतं. सोबतच्या दासीकडून गेरूची रीतही समजून घेतली होती. आज भिंत घोंगडीखाली गेल्याचं वाड्यापुढच्या गलक्यातून तिच्या कानावर आलं होतं. नव्या सुनेला फारसं कुणी बोलू देत नाही, पण बघायला कुणी अडवत नाही.

"नाव घ्या, नाव घ्या!" बायकांनी गलका केला. "नाव घेतल्याशिवाय माप ओलांडायचं नाही हं!"

राजकवीनं अदबीनं तिच्या हातात एक पान दिलं. "सूनबाई, खास आपल्यासाठी रचलाय."

सुनेनं पानावरचा उखाणा वाचला. मग पान देणाऱ्या हाताकडे पाहिलं. पान तिनं घडी घालून कमरेला खोचलं आणि खाली मान घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"काळ्या घोंगडीखाली भिंत, भिंतीवर गेरूचं बोट,
हैबतरावांचं नाव घेते, सांगा कुणाच्या मनात खोट?"

बायका टाळ्या वाजवायला निघाल्या आणि मधेच थांबल्या. राजकवीनं हात पाठीमागे लपवला. तिथंच तो फसला, कारण पाठीमागे प्रधान उभा होता.

"कविराज, तुमचं बोट लाल कसं?" प्रधानानं भाबडेपणानं विचारलं.

"सूनबाई, काय प्रकार आहे हा?" राणी म्हणाली.

"आईसाहेब, या पानावरचा उखाणा भिंतीवर आहे. काल वाचला मी. खाली शंभरेक तरी बोटं आहेत. आज एक वाढलं, इतकंच."

राजकवीची मान खाली गेली. चोरून नेलं, तरी रीत हातानं आपोआप पाळली होती. लहानपणापासूनची सवय. "महाराज," तो म्हणाला, "माझी पहिली अक्षरं मी त्याच भिंतीवर गिरवली. माझी एक ओळ गेली म्हणून मी रडलो. मी तिथून किती नेल्या, ते मात्र कधी मोजलं नाही."

प्रधानानं मसुदा पुढे केला. "महाराज, कायद्याप्रमाणे आता..."

"आता काय पाडू? भिंत, की कविराज?" राजानं विचारलं.

तेवढ्यात मुदपाकखान्यातून मुख्य आचारी धावत आला. "महाराज, अनारसे हसले! सगळे तुपात विरघळले!"

"तुला अनारसे येत नाहीत?"

"येतात की, महाराज. पण गुळाचं माप भिंतीवर असतं ना!"

राणीनं पदर तोंडाला लावला. राजा मात्र हसला नाही. मसुद्यावर शिक्का न मारताच तो हातात घेऊन उठला आणि पायी भिंतीकडे निघाला. मागून सगळं नगर.

सूर्य मावळतीला आला होता. ठरल्याप्रमाणे दिवस संपला म्हणून मावशीनं घोंगड्या उतरवल्या होत्या. पांढरी भिंत पुन्हा समोर उभी होती, तिच्या ओळींसकट, बोटांसकट. राजा ओळ न् ओळ वाचत तिच्या कडेनं चालला. लहानपणी त्यानं स्वतः दिलेला एक ठिपका, पतंगाच्या दोऱ्याला मांजा कसा लावावा त्या ओळीखाली, अजून तिथंच होता.

मावशी हौदापाशी वाकून काहीतरी बुचकळत होती.

"काय करतेस, मावशी?"

"धनगरांच्या घोंगड्या, महाराज. परत द्यायच्या तर धुऊन द्याव्यात. भिजत घातल्यात."

राजाला आता हसू फुटलं. त्यानं मसुदा हौदात सोडला. "मग हेही घोंगडं राहू दे भिजत!"

शाई सुटली, अक्षरं फुटली आणि बघता बघता कागद कोरा झाला. लोकांनी असा जल्लोष केला, की पलीकडच्या घाटावर अडकलेल्या पाहुण्यांना वाटलं, लग्न पुन्हा लागलं. प्रधानसुद्धा हळूच टाळ्या वाजवून गेला.

दुसऱ्या दिवशी मावशीनं एक रीत वाढवली. ओळ कुणाची ते ठाऊक असेल, तर त्याचं नाव खाली लिहायचं. राजकवीनं आपली सूर्याची ओळ स्वतःच्या हातानं, नावानिशी लिहिली. तिच्याखाली पहिलं बोट गूळवाल्याचं पडलं. त्या ओळीशेजारचा उखाणा होता नव्या सुनेचा आणि त्याखाली बोटांना जागा पुरेना.

इतर गावांत काम रखडलं की लोक 'भिजत घोंगडं' म्हणून नाक मुरडतात. त्या नगरात मात्र एखादा खुळा कायदा आला, की म्हाताऱ्या आजही विचारतात, "हौदात पाणी आहे का गं?"

तात्पर्य: चोराचं बोट धरावं, सगळ्यांची भिंत पाडू नये, आणि जे सगळ्यांचं असतं, त्याचं मोल ते एक दिवस झाकलं की सगळ्यांना कळतं.