टेंभुर्णीकर सरांनी दोनदा वाचलेली फाइल

कृष्णाकाठच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात डॉ. टेंभुर्णीकर नावाचे विभागप्रमुख होते. अंगात विद्वत्तेपेक्षा ऐटच जास्त. विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टचा प्रस्ताव आला, की झाकणावरच लाल शाईत 'नावीन्य नाही' असं खरडायचे आणि फाइल बाजूला भिरकावायचे. मग पोरं गुमान सरांची लाडकी स्मार्ट कचराकुंडीच करायची. दरवर्षी तीच!

शर्वरी दुनाखेला याची भयंकर चीड होती. तिनं आपला प्रस्ताव जाडजूड बॉक्स फाइलमध्ये घालून, झाकणावर 'इंटरनेट ऑफ थिंग्ज : बोलणाऱ्या वस्तू' असं नाव लिहून दिला. आठवड्यानं प्राचार्यबाईंसमोर सगळ्यांना बोलावणं आलं.

"इंटरनेट ऑफ थिंग्ज म्हणे! वस्तू बोलणार!" सर खुर्चीत रेलून हसले. "नुसता कचरा आहे."

"पूर्ण वाचलात, सर?" शर्वरीनं गरीब चेहऱ्यानं विचारलं.

"दोनदा! अक्षरन् अक्षर!"

शर्वरीनं आपला मोबाइल टेबलावर ठेवला. "मॅडम, ही फाइल जरा उघडता का?"

बाईंनी झाकण उचललं मात्र, मोबाइल टिणकन वाजला. पडद्यावर अक्षरं उमटली : 'फाइल पहिल्यांदाच उघडली.'

"आत उजेड ओळखणारा सेन्सर आहे, मॅडम," शर्वरी म्हणाली. "झाकण उघडलं की मला निरोप येतो. हाच आमचा प्रोजेक्ट."

बाईंनी सरांचाच लाल पेन उचलला आणि झाकणावरचं 'नाही' तेवढं खोडलं.

"सेन्सर बिघडलाय तो!" सर खेकसले.

"नाही सर, त्याला फक्त उजेड कळतो. तुम्ही दोन्ही वेळा अंधारात वाचलं असेल, तर मात्र त्या बिचाऱ्याचा नाइलाज आहे."