एक ठिपका कमी

मिरजेच्या नानासाहेब जहागीरदारांकडे एक विलायती स्पोर्ट्स कार होती. ती बनवणारी कंपनी कधीच बुडालेली, त्यामुळे सुटे भाग कुठेच मिळायचे नाहीत. गॅरेजवाले तेच चोरतात, असा नानासाहेबांचा पक्का संशय. म्हणून ब्रेक दुरुस्तीला इसाक मिस्त्रीकडे न्यायच्या आधी त्यांनी इंजिनाच्या भागाभागावर गुपचूप नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. निघायला बसले, तर गाडी सुरूच होईना. शेवटी बैल जुंपून ओढत नेली.

इसाकने दुपारपर्यंत ती सुरू केली. नानासाहेब फौजदारांना घेऊनच आले. गाडी सुरू झाल्याचा आनंद राहिला बाजूला, आधी ठिपके मोजले. एक कमी!

"फौजदार, हा भाग बदललाय यानं. घाला आत!"

इसाक म्हणाला, "सरकार, तो ठिपका पुन्हा द्या आन् गाडी सुरू करून दाखवा."

नानासाहेबांनी ठिपका दिला, वाळू दिला. गाडी ढिम्म. इसाकने ठिपका खरवडून फडक्याला पुसला. पहिल्याच किल्लीला गाडी गुरगुरली.

"ठिणगी पडायच्या जागेवरच रंग फासला होता, सरकार," असं म्हणत त्याने लाल झालेलं फडकं पुढे केलं. "तुमच्या गाडीतनं मी काढलं ते एवढंच. मोजून घ्या."