पिराजी आणि मोटारीचं मशीन

एका गावात एक भोळा पंक्चरवाला होता. त्याचं नाव पिराजी. एकदा सांगितलेलं तो कधी विसरत नसे, हाच त्याचा दोष.

गावात घरटी एक मोटरसायकल होती. मोटार एकही नव्हती. म्हणून सरकारी योजनेतून पिराजीला मोटारीचे टायर बदलायचं मशीन मिळालं. सोबत मोटार उचलायचा जॅकही आला. मशीन द्यायला आलेले साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात तपासणीला येईन. मशीन नुसतं पडून दिसलं तर उचलून नेईन."

मशीन आलं आणि पिराजीचं लग्न जमत आलं. शेजारच्या गावचे केरबा मुलीसाठी स्थळ बघत होते. त्यांनी मुलगा पाहिला, मग मशीन पाहिलं, मग परत एकदा मशीन पाहिलं. म्हणाले, "साहेब तपासून जाऊ देत. मशीन राहिलं तर सुपारी फोडू. न्हाई तर राम राम."

पिराजीचे मामा हिंदुराव पूर्वी ट्रकवर क्लीनर होते. भाच्याचा संसार उभा राहावा म्हणून त्यांनी शिकवणी धरली.

"हे बघ, गाडी आली की जॅक लावायचा. एका अंगानं उचलायची. मग चाक काढायचं."

"एका अंगानं," पिराजीनं घोकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दूधवाला यशवंता पंक्चर काढायला आला. मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना भरलेले कॅन. पिराजीनं एका अंगाला जॅक लावला आणि दांडा फिरवला. गाडी वर आली आणि तशीच पलीकडच्या गटारात गेली. गटार पांढरं झालं. गावातल्या मांजरांनी त्या दिवशी दुकानापुढून हलायचं नाव घेतलं नाही.

"आरं, काय केलंस हे?" यशवंता किंचाळला.

"मी एकाच अंगानं उचलली. दुसऱ्या अंगानं ती आपली आपण गेली."

मामा धावत आले. "बाबा रे, असली गाडी उचलताना पलीकडून माणसं नकोत का धरायला?"

"हे आधी सांगायचं, मामा."

मग एक वऱ्हाडाची जीप गावाजवळ पंक्चर झाली. बिचारे मोठ्या आशेनं मशीनकडे आले. पिराजीनं जॅक लावला आणि सगळ्यांना खाली उतरवलं. "पलीकडून धरा. घट्ट धरा. सोडली की गटारात जाईल."

वऱ्हाडानं जीप धरली. वरबाप घामाघूम झाला. नवरदेव बाशिंग बांधून मागच्या दाराला लोंबकळत होता. करवल्याही खांदा देऊन उभ्या राहिल्या. मुहूर्त टळून गेला, तरी कोणी हात काढायला धजेना. शेवटी मामा आले आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"आरं येड्या, जीप काय पडते? जी गाडी आपल्या पायावर उभी ऱ्हाते, तिला धरायचं न्हाई! चाक सोडवायचं, सरळ मशीनवर चढवायचं आणि दाबायचं."

"हे आधी सांगायचं, मामा."

पुढं हेडमास्तर टायर बदलायला आले. त्यांनी मोटरसायकल डबल स्टँडवर लावली. पिराजीनं ती चहूबाजूंनी निरखली. गाडी आपल्या पायावर उभी होती. त्यानं मागचं चाक सोडवून मशीनला लावलं. टायर रिमपासून सुटा करणारं एक लोखंडी फावडं त्या मशीनला होतं. ते मोटारीच्या जाड चाकासाठी केलेलं. पिराजीनं पायडल दाबलं. फावडं टायर सोडून तारांवर बसलं. तारा तटातट तुटल्या आणि चाक भाजलेल्या पापडासारखं होऊन बाहेर आलं.

हेडमास्तरांनी चाक हातात घेतलं, उलटसुलट केलं. "हे बसवायचं कसं?"

"टायर बदलायचा होता ना, गुरुजी? रिमसकट बदललाय."

मामांनी या खेपेला खाली बसूनच शिकवलं. "पिराजी, तुझ्या पाया पडतो. जॅक नको, मशीन नको, माणसं नकोत. पेट्रोल बंद करायचं. गाडी अलगद कुशीवर निजवायची. चाक गाडीलाच ठेवायचं आणि तिथल्या तिथं टायर सोडवायचा. एकदा निजवली की कुठलीच गाडी पडत न्हाई."

पिराजीचा चेहरा उजळला. कुठलीच गाडी! इतके दिवस हेच तर त्याला हवं होतं.

मग तपासणीचा दिवस उजाडला. केरबा नवा फेटा बांधून दुकानापुढच्या बाकावर येऊन बसले. मामा हार आणायला बाजारात गेले. इतक्यात साहेबांची जीप खडखडत आली. वेशीतल्या खड्ड्यात तिचा टायर पंक्चर झाला होता. सरपंचांकडचं जेवण साहेबांच्या अंगावर आलं होतं. मागच्या सीटवर ते घोरत होते.

ड्रायव्हर उतरला. "टायर बघ रे. साहेबांना उठवू नको," म्हणाला आणि चहाला गेला.

केरबा कानाशी आले. "जावईबापू, आता दाखवा तुमची करामत."

जावईबापू म्हटल्यावर पिराजीच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. तरी काम जोखमीचं होतं. त्यानं तालमीतली पोरं बोलावली. जमिनीवर कडब्याच्या पेंढ्या अंथरल्या, वर गोणपाट टाकलं. साहेबांची झोप मोडू नये म्हणून पोरांना चपला काढायला लावल्या.

"अलगद," तो कुजबुजला. "लेकरासारखी निजवा."

पोरांनी जीप अलगद कुशीवर निजवली. काम इतकं सफाईचं झालं की घोरणं फक्त थोडं बदललं. मग आतून काहीतरी धपकन आपटलं आणि घोरणं थांबलं.

केरबांनी फेटा काढला, काखेत मारला आणि एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागले.

"मामंजी, थांबा की!" पिराजी ओरडला. "निम्मं काम झालंय!"

वरच्या खिडकीतून साहेबांचं डोकं बाहेर आलं. त्यांनी आभाळ पाहिलं. मग दुकान पाहिलं. दुकानात नवंकोरं मशीन शांत उभं होतं.

"मशीन जप्त!" साहेब गरजले. "आत्ताच्या आत्ता माझ्या गाडीत चढवा!"

पिराजीनं जीपभोवती एक फेरी मारली. खाली वाकून पाहिलं. मग हात जोडून अदबीनं म्हणाला, "चढवतो साहेब. पण आधी पंक्चर काढायला हवं, आणि ते चाक खाली आलंय. तेवढं जरा दुसऱ्या कुशीवर व्हा."