फक्त येण्यासाठी

शालनकाकूंनी बँकेचं चांदीचं कार्ड मोडून सोन्याचं केलं, ते दिल्लीला नातवाच्या बारशाला विमानानं फुकट जायला मिळेल म्हणून. व्हाउचर आलं, त्यावर छापलं होतं, ‘फक्त येण्यासाठी’.

काकू तडक बँकेत गेल्या. “अहो, गेल्याशिवाय मी येऊ कुठून?”

मॅनेजर देवस्थळींनी टाय सरळ केला. “येणं बँकेचं, जाणं तुमचं. नियम आहे.”

“मराठी माणूस जातो कुठे? घरातून निघतानासुद्धा ‘येतो’च म्हणतो. म्हणजे तेही येणंच! दोन्हीकडचं द्या.”

“असले शब्दांचे खेळ इथे चालणार नाहीत!” देवस्थळी कडाडले. त्यांनी दाराकडे हात केला. “मला कामं आहेत. या आता!”

काकू खुर्ची ओढून आणखी जवळ सरकल्या.

“अहो, या म्हटलं ना!”

“म्हणून तर आले.”

“या! या! या!”

काकूंची खुर्ची आता साहेबांच्या खुर्चीला टेकली होती. समोरच्या सवाष्णीला ‘जा’ म्हणायला देवस्थळींची जीभ काही रेटेना. शेवटी त्यांनी मुकाट्यानं जाण्याच्या व्हाउचरवरही सही केली.

काकूंनी दोन्ही व्हाउचरं पर्समध्ये टाकली आणि हसून म्हणाल्या, “येते हं!”

“नको!” देवस्थळी किंचाळले.