अढीत घातलेल्या शेंगा

मुलांनो, जंगल संपून जिथे भुईमुगाची वावरे सुरू होतात, तिथे एका आंब्याच्या ढोलीत एक खार राहत असे. तिला दोन पिले होती. पावसाळ्यात बाहेर फारसे काही मिळत नाही, म्हणून ती उन्हाळाभर चारोळ्या गोळा करी. प्रत्येक चारोळी आधी दातांनी दाबून पाही, पोचट निघाली तर टाकून देई आणि मगच ढोलीत ठेवी. तिच्या आईने तिला तसेच शिकवले होते.

एके दिवशी एक माकड भुईमुगाच्या शेंगांचा भारा घेऊन आले. "खारूताई, एका चारोळीला दहा शेंगा!"

खारीने एक शेंग उचलली. "भाऊ, ही तर अगदीच हलकी लागते."

"हलकी आहे म्हणून तर स्वस्त आहे! शेंग अजून भरायची आहे. एकदा भरली, की एकेका शेंगेला तूच दहा-दहा चारोळ्या मागशील. काल मी वीस देत होतो, आज दहा देतोय. उद्या पाच! साळुंकीने तर सकाळीच घेतल्या."

शेंगांतले खारीला काहीच कळत नव्हते. आंब्याचे मात्र पक्के ठाऊक होते. तिच्याच झाडाच्या कैऱ्या उतरवून शेतकरी खोपटात गवताची अढी लावी, आणि आठ दिवसांत आंबे पिवळे होत. तिने मनाशी म्हटले, 'कैरी तोडल्यावर पिकते, मग शेंग तोडल्यावर का नाही भरणार?' झाडाच्या मुळाशी एक उंदीर राहत होता. त्याचा सगळा जन्म भुईमुगात गेलेला. "थांब, त्याला विचारून येते," ती म्हणाली.

"विचारून ये की," माकड भारा उचलत म्हणाले, "पण तोवर शेंगा उरतील असं काही सांगत नाही हं!"

खारीने घाईघाईने अर्ध्या चारोळ्या देऊन टाकल्या.

तिने शेंगा मऊ गवतात निजवल्या. रोज सकाळी पिले विचारत, "आई, भरल्या का गं?" ती म्हणे, "भरतील हं, बाळांनो." आठ दिवस गेले. शेंगा भरल्या तर नाहीतच, उलट सुकून आणखी हलक्या झाल्या. पावसाळा पंधरा दिवसांवर आला होता. ढोलीत चारोळ्या अर्ध्याच, आणि खाणारी तोंडे तीन. एक शेंग तोंडात धरून ती खाली उंदराकडे गेली.

उंदराने शेंग फोडली. आत तिळाएवढा सुरकुतलेला दाणा. "अगं वेडाबाई, कैरी पिकते, शेंग भरते. पिकायला ऊब पुरते, भरायला मूळ लागतं. झाडापासून तुटली, की शेंग तिथंच थांबली. भरलेल्या माकडानं खाल्ल्या आणि पोचट तुला दिल्या."

"मग आधी का नाही सांगितलंत, दादा?"

"तू विचारलंस कुठं? मी चार पावलांवर तर होतो!"

खारीचे डोळे भरून आले. ते पाहून उंदीर हळूच म्हणाला, "चल, वावरात काढणीनंतर मातीत राहिलेल्या भरल्या शेंगा मला ठाऊक आहेत. आणि ओढ्यापलीकडच्या झाडावर चारोळ्या अजून आहेत. पंधरा दिवस काही थोडे नाहीत."

ते थोडे नव्हतेच. खार दिवसभर राबली. ढोली काठोकाठ भरली नाही, पण तिघांचा पावसाळा सुखाने निघेल इतकी भरली. सुकलेल्या शेंगांचेही काम झाले. आतला दाणा वाजू लागला आणि पिलांना खुळखुळे मिळाले.

थोड्याच दिवसांत माकड पुन्हा हजर. या खेपेस कसल्याशा काळ्या बिया होत्या. "खारूताई, एका चारोळीला चाळीस!"

खार गोड हसली आणि तिने खाली हाक मारली, "उंदीरदादा, जरा वर येता का?"

माकडाला एकदम कुठलेसे काम आठवले.

तात्पर्य : ज्या वस्तूची आपल्याला पारख नाही, ती कितीही स्वस्त मिळाली तरी पारख असणाऱ्याला विचारल्यावाचून घेऊ नये; आणि विचारायला जाण्याइतका वेळ जो देत नाही, त्याच्याकडून तर मुळीच घेऊ नये.