नव्या गाडीने म्हशीला विचारलं

गाड्या जनावरांशी बोलत आणि माणसांनाही ते ऐकू येई, तेव्हाची गोष्ट. दमयंती नावाच्या शिक्षिकेने नवी उंच गाडी घेतली आणि ती माहेरी निघाली. वाटेत ओढ्याचं पाणी पुलावरून वाहत होतं. पलीकडून एक म्हैस चालत आली.

"पाणी किती आहे?" गाडीने तिला विचारलं.

"माझ्या पोटाला लागलं. ओढही फार आहे."

"पण मी कुठूनही जाते, असं शोरूममधला माणूस म्हणाला होता."

"तो इथं कधी आला होता का?" म्हशीने सहज विचारलं.

दमयंतीने म्हशीचं ओलं पोट पाहिलं आणि इंजिन बंद केलं. दुपारी पाणी उतरल्यावर ती आणि गाडी दोघी पलीकडे गेल्या.

"कशी आहे गं गाडी?" आईने विचारलं.

"चांगली आहे," दमयंती म्हणाली. "विचारून चालते."